नेम बारा तारखेवर

कॅमेरा खोटं बोलत नव्हता,
हे आधीच सांगून ठेवतो.
त्याच्या खिडकीतल्या पिवळ्या चौकटीत
नवरदेव दोन दिसायचे, एक ठळक, एक पुसट.
भिंग फिरवलं की पुसट चालत यायचा,
ठळकात शिरायचा,
मी कळ दाबायचो.
सिंदेवाहीहून फिल्म धुऊन आली की
नवरदेव धुक्यात
आणि मागच्या मांडवाच्या बांबूची
गाठन्‌गाठ मोजून घ्या.

पहिला संशय डोळ्यांवर. चष्म्याचा नंबर तोच निघाला.
मग फिल्म धुणाऱ्या पोरावर.
त्याला नाही नाही ते बोललो.
तो आता बल्लारपूरला आहे,
ते शब्द परत घ्यायचे राहिले.

शेवटी ओट्यावर कॅलेंडर तिरपं टेकवलं,
खालचा काठ माझ्याकडं, वरचा लांब,
टेपनं एक मीटर मोजलं,
नेम धरला बारा तारखेवर.
फोटोत बारा विरघळलेली,
दहा लखलखीत,
तिच्याखालची तिथीसुद्धा वाचता येईल.
दोन दिवस मागं राहत होतं माझं यंत्र.
किती वर्षं, कोण जाणे.

पाठ उघडली.
फिल्मच्या जागी बटर पेपर ताणून चिकटवला,
शटर उघडंच अडकवून ठेवलं,
भिंग शेवटच्या खुणेवर.
कागदावर भातगिरणीची चिमणी
उलटी, पण धुराच्या काजळीसकट साफ.
म्हणजे भिंग बरोबर.
खिडकीत मात्र चिमण्या दोन.
बिघाड खिडकीमागच्या आरशात,
पोस्टाच्या तिकिटाच्या चतकोराएवढ्या.

लांजेवार सोनाराकडून बारका पेचकस आणला.
"नथीचा हाय जी, वाकवू नोका."
पुढचा स्क्रू काढला, त्याच्या आत दुसरा.
पाव फेरा, आणि दोन चिमण्यांची एक झाली.
मग एक मीटरवर पाहिलं, बारा तारखा दोन.
आतल्या दांडीचं टोक केसभर वळवलं,
तारीख जुळली, चिमणी फाटली.
जवळचं सांभाळलं की दूरचं सुटतं,
दूरचं धरलं की जवळचं.
यातून कोणी शिकवण काढू नये.
स्क्रू आहे तो.

नववी खेप चालू होती
तेव्हा नकटू मांदाळे आला,
सायकल ओट्याला टेकवून, हातात पिशवी,
पिशवीत फोटो.
बोरकुट्यांच्या लग्नातला, सोळा वर्षांपूर्वीचा, माझाच शिक्का.
पुढं ओळीनं सोयरे, सगळे धुकं.
मागं चुलाणाशी एक बाई,
कपाळावरचं गोंदण,
नाकपुडीजवळचा तीळ,
हातातल्या पळ्यावर सुकलेली वरणाची धार.

"हे मायी माय होय जी, रायवंता.
तिचा दुसरा फोटो नाही.
हेच एवढं मोठं करून द्या.
एवढ्या सोयऱ्यांत तुमी तिलेच काहून धरलं,
तेवढं नाही समजलं."

ओट्यावर कॅलेंडर तसंच तिरपं होतं.
मी पेचकस खिशात घातला.
"होईल," म्हणालो, "बुधवारी या."
पैसे नको म्हटलं तर त्याला राग आला,
वीसची नोट फिल्मच्या डबीखाली ठेवून गेला.

अकराव्या खेपेला दोन्ही जुळलं,
चिमणीही एक, बाराही एक.
स्क्रू हलू नये म्हणून त्याच्यावर
बायकोच्या लाल नेलपॉलिशचा थेंब.
तो वाळेपर्यंत दहा मिनिटं बसून होतो.
मध्ये एकदा वाटलं,
अजून ओलं आहे,
पाव फेरा उलटा मारता येईल.

पण उद्या मोहाळीला बारसं आहे,
बाळाचे डोळे डोळ्यांच्या जागी यायला हवेत.
पेचकस परत केला. वाकला नव्हता.

उद्या फोटोच्या आधी
चुलाणाकडं एक चक्कर मारीन म्हणतो.
हात पुसा,
थोडं पुढं सरका जी,
तुमीबी.