कंबरेच्या जरा वर

रविवार कारंजावर माझं डीटीपीचं दुकान.
लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, पावतीपुस्तकं.
म्हणून बैठकीत सगळे माझ्याकडेच वळले:
चिन्ह तूच काढ, वृषाली,
तुझ्या तर घरातच आहे.

कॅनडा कॉर्नरला औषधांच्या दुकानावरची खोली.
अकरा पालक, एक पंखा,
आणि बागुल सर, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त,
ज्यांना कुठल्याही कागदावर आधी चूक दिसते.
ते म्हणाले, कोड्याचा तुकडा. जगभर तोच चालतो.
कोथुळेबाईंना फुलपाखरू हवं होतं.
कुणाला निळा दिवा.
कुणी आडवा आठ म्हणालं, इंद्रधनुष्याच्या रंगांत,
त्यावर शौकतभाई हळूच,
आमच्या गल्लीत विचारतील, आठ नंबरची बस कुठं जाते?

मी काढत गेले, लॅपटॉप मांडीवर.
तुकडा. फुलपाखरू. दिवा. आठ.
हाताला सवय आहे,
कुठल्याही पत्रिकेच्या कोपऱ्यात
पाच मिनिटांत गणपती बसवते मी.

तेवढ्यात मनवा गायधनी.
सव्वीस वर्षांची. सकाळी तिनेच खुर्च्या लावल्या होत्या
फरशीच्या रेघेला रेघ जुळवून.
भिंतीकडे बघत म्हणाली,
तुकडा नको.
मी पूर्ण आलेय.
नऊ वाजून दहा मिनिटांनी.

कुणी हसलं, मग हसायचं नव्हतं हे कळून
चहाचे कप गोळा करायला लागलं.
बागुल सरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

मी तोवर ओजसपाशी पोचले होते.
परवाच्या साली गंगेला पूर आला
तेव्हा त्याला पुलावर नेलं होतं.
गर्दी, वर धरलेले मोबाइल,
आणि मधोमध दुतोंड्या मारुती, कंबरेइतक्या पाण्यात.
लोक ओरडत होते, छातीला लागतंय, छातीला लागतंय!
ओजसने कान झाकले नाहीत.
बघत राहिला
एवढ्या पाण्याचं माप
एका अंगावर कसं घेतात ते.

त्यानंतर तो सांगायला लागला.
शाळेतून आला की दारातच, "गुडघा."
म्हणजे ठीक. वरणभात चालेल.
मावसबहिणीच्या लग्नात बँडवाले हॉलमध्ये शिरले,
माझी ओढणी खेचून, "छाती."
आहेराचं पाकीट तसंच हातात घेऊन मी बाहेर.
आणि एकदा, कुकर, मिक्सर, दारावर कुरियरवाला,
फोनवर चढलेला माझा आवाज,
काहीच बोलला नाही.
डोकं बुडाल्यावर कोण बोलतं?
नऊ वर्षं मी डॉक्टरांना विचारत होते, याला होतं काय.
उत्तर नदीत उभं होतं,
अख्ख्या नाशिकला तोंडपाठ.

बैठकीत मी हे सांगितलं नाही.
मारुती फलकावर आला तर शौकतभाई हो म्हणतील,
हो म्हणतील, आणि मला झोप लागणार नाही.
शिवाय तो पूर ओजसचा आहे.
मनवाचं कदाचित पाणीच नसेल,
ऊन असेल, किंवा खाज, किंवा
मला शब्द माहीत नाही असं काही.

मग तुला काय हवं? सरांनी विचारलं,
पहिल्यांदाच तिच्याकडे खुर्ची वळवून.
ती म्हणाली, वेळ लिहा. दहा ते एक.
आणि दारावरची घंटा काढा.

रात्री दुकानात फलक लावायला घेतला.
संस्थेचं नाव. दहा ते एक.
खाली, घंटा नाही, दार ढकला.
डाव्या कोपऱ्यात चार इंच जागा मोकळी.
चिन्ह पुढच्या रविवारी, असं ठरलंय.
ओजस स्टुलावर, कागदाच्या कात्रणांची चळत लावत.
किती रे? मी विचारलं.
त्याने मान वर केली नाही.
"कंबरेच्या जरा वर."
मी ट्यूब बंद केली.
प्रिंटर अजून घरघरत होता,
तोही.