मात्रेपुरती जागा

महापेला, सातव्या मजल्यावर, माझ्यासमोर तीन पडदे:
एक आडवा, लांबलचक, पंगतीसारखा,
एक लॅपटॉपचा,
आणि एक मोबाईल, स्टँडला टेकवून उभा केलेला.
काम हजेरीच्या सॉफ्टवेअरचं.
तीन कंपन्या, एक इमारत, एकोणीस रकाने.
आडव्यावर सगळे रकाने मांडी घालून बसतात,
मधून वाढप्याला जायला वाट उरते.
लॅपटॉपवर गुडघ्याला गुडघा.
मोबाईलवर चारच.

उरलेल्या पंधरांना पानावरून उठवायचं, हे माझं काम.
त्याचा मला पगार मिळतो.
‘विभाग’ उठला, ‘शेरा’ उठला,
‘शिल्लक रजा’ एका बाणामागे जाऊन उभी राहिली.
नावाचे मी दोन तुकडे केले:
जागा असेल तर पूर्ण,
नसेल तर नुसतं आडनाव.
ऋजुता दामले मीटिंगमध्ये म्हणाली, छान, हवेशीर वाटतंय.

चौथा पडदा कुणी यादीत लिहिलाच नव्हता.
तो गेटवरच्या केबिनमध्ये आहे,
सात इंची, भिंतीला चार स्क्रूंनी उभा ठोकलेला,
कोपऱ्यात तडा, तड्यावर सेलोटेप,
सेलोटेपखाली एक मुंगी, कधीची कोण जाणे.

सोमवारी भोईरांनी हाक मारली.
मॅडम, माझा नाव बघा.
सहा बावन्न, हिरवी खूण, आणि समोर
भाइर.

ओळी बसवताना वरून चार बिंदू मीच छाटले होते.
मोजमाप घेतलं होतं इंग्रजी नावांवर.
आपल्या अक्षरांचं अर्धं बोलणं
शिरोरेषेच्या वर चालतं, हे मी,
पहिलीत पाटीवर मात्रा गिरवलेली मुलगी,
साफ विसरले.
मात्रा गेली, ओचा आ झाला,
ईच्या डोक्यावरचा तुरा गेला.
खाली मोकल माकल झाले होते,
शेडगे शडग.

भोईर हसले. रागावले असते तर सोपं गेलं असतं.
आमचे गावान बाहेरला भाइरच म्हनतान, म्हणाले,
बरोबर लिवलंय तुमचे मशीननं.
मग कँटीनच्या दिशेने हात केला,
आमचा शेत व्हता तिथं, अकरा गुंठं,
आणि तोच हात पुढे करून
कुरियरवाल्याकडून पाकीट घेतलं.

वर येऊन चार बिंदू परत दिले.
दहा मिनिटांचं काम.
ओळींची उंची वाढली, आणि आडव्या पडद्यावर
शेवटच्या तीन ओळी काठावरून खाली गेल्या.
ऋजुता म्हणाली, आता स्क्रोल करावं लागतंय,
आधी सगळं एका नजरेत मावत होतं.
मावत नव्हतं, मी म्हटलं.
तिला कळलं नाही.
मग तिच्याच पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: भोईर.
त्याखाली: भाइर.
तिने दोन्ही वाचलं. म्हणाली,
हे दुसरे कोण, नवीन आलेत?

संध्याकाळी गेटवरची बटणं तपासली. दोनच आहेत.
‘आत’ कुठल्याही चौकोनात बसतं,
वर काही नाही, खाली काही नाही.
‘बाहेर’ला मात्रेपुरती जागा सोडावी लागते.
सोडली.
चार वेळा उभा, दोन वेळा आडवा करून पाहिला,
स्क्रूंनी ठोकलेला पडदा आडवा होत नाही,
तरी माझ्या टेबलावर केला.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला निघाले तेव्हा
भोईर रात्रपाळीला आले होते.
स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं,
धूळ होती, ती शर्टाला पुसली.
झाला, म्हणाले.
मी पर्स खांद्याला लावली.
ते खिसे चाचपत होते, चष्म्यासाठी,
वरचा, मग पँटचा, मग परत वरचा.
मॅडम, म्हणाले,
तो ‘आत’चा बटन जरा मोठा करा.
रातचा दिसत नाय.