जुनं करण्याची कृती

चहाची पावडर चार चमचे, उकळून गार केलेली.
पांढरं व्हिनेगर, एक बाटली.
त्यात भांडी घासायची तारेची घासणी,
साधी, गंजणारी
(न गंजणारी आणून दोन दिवस वाया घालवले आहेत).
बरणीच्या झाकणाला भोक पाडायचं,
नाहीतर रात्री ते उडतं आणि शेजारी बेल वाजवतात.

फळ्या भवानी पेठेतल्या.
कुठल्याशा मशीनच्या खोक्याच्या सात फळ्या
हनीफभाईंनी तीनशेला काढून दिल्या
आणि विचारलं, "बंबासाठी?"
"नाही, शेल्फ करायचंय."
"मग चांगल्या घ्या की."
"जुन्या दिसायला हव्यात."
त्यांनी एकदा फळीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे,
आणि वीस रुपये परत दिले.

स्वारगेटच्या सिग्नलला
स्कूटरवर पुढ्यात फळ्या उभ्या धरून मी,
तर शेजारचा रिक्षावाला म्हणतो,
"मॅडम, खोली बांधताय का?"

वडगावच्या या घरात भिंतीला खिळा चालत नाही.
करारात तसं कलम आहे, नववं.
म्हणून हे शेल्फ शिडीसारखं,
भिंतीला नुसतं टेकून उभं राहणारं,
भाडेकरूसारखं.

आता जुनंच का, तर
आमच्याकडे जुनं असं काही नव्हतंच.
जुनं असायला आधी कधीतरी नवं घ्यावं लागतं.
होती ती एक पत्र्याची ट्रंक,
आणि पत्र्यावर पॉलिश धरत नाही,
हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे.

कारण बाबा पॉलिशवाले.
प्रभात रोड, भांडारकर रोड, मॉडेल कॉलनी,
लोकांचे पलंग, लोकांच्या आरामखुर्च्या,
लोकांच्या आजोबांची कपाटं.
स्पिरिटमध्ये भिजलेली लाख,
मलमलच्या फडक्यात कापसाची पुरचुंडी,
आणि दिवसभर एकच काम :
जुन्याचं जुनेपण पुसून काढणं.
जेवताना त्यांची बोटं ताटातल्या आमटीहून तपकिरी दिसायची.

तर हे बाबा परवा गॅलरीत बसून
माझा उद्योग बघत होते.
"कोरं लाकूड आहे. कशाला नासवतेस?"
मी चहाचा हात दिला. वाळू दिला.
मग बरणीतलं ते काळपट पाणी.
फळी आधी काहीच बोलली नाही.
मग कडेनं राखाडी झाली,
मग मधे, गाठींपाशी जास्त,
आणि चहा पिऊन होईतो
चाळीस पावसाळे खाल्ल्यासारखी दिसायला लागली.

बाबा उठले. वाकले. वास घेतला.
"या रंगाला," ते म्हणाले,
"सरदेशमुख बाईंनी माझे तीनशे कापले असते."

मग माझ्या हातातलं फडकं घेतलं.
"आडवं नको फिरवू. रेषेनं जा."
गुडघे दुखतात, जिना चढवत नाही,
पण हात गेला की लांबवर, एका दमात,
टोकाला न थांबता हवेत सुटणारा,
मला ऐंशी नंबरच्या कागदानं घासूनही जे जमलं नव्हतं ते
त्यांना नुसत्या ओल्या फडक्यानं.
तीन फळ्या त्यांनी जुन्या केल्या.
चौथीला म्हणाले, "हिला राहू दे अशीच,"
आणि का ते सांगितलं नाही.

तीच चौथी, कोरी, मधल्या पायरीला लावली.
तिच्यावर खोक्याचा छाप होता, वर जाणारा बाण.
तो आता उजवीकडे,
स्वयंपाकघराकडे रोखलेला आहे.

एकूण खर्च चारशे दहा.
वरच्या मजल्यावरच्या अनुजाने विचारलं, कुठून मागवलंस,
तर बाबा मधेच म्हणाले, "घरचंच आहे. जुनं."
त्यांच्या तोंडून ते इतकं सहज आलं
की मी आत जाऊन उगीच कपबशा विसळल्या.

एकच खोट राहिली.
पायरी किंचित कललेली आहे.
तिच्यावर लिंबू ठेवलं की डावीकडे जातं.
पाचर मारू का, विचारलं, तर नको म्हणाले.
रोज सकाळी पेपर वाचून झाला की
ते लिंबू उजवीकडे ठेवतात
आणि दुसऱ्या टोकाला हात धरून उभे राहतात.