खिशात मावेल असा

नव्या पेठेत दुपारी दोनला फक्त मी
आणि श्रीशैल हत्तुरेंचा कुरकुरता पंखा.
काउंटरच्या काचेखाली तीन कॅमेरे,
तिन्ही वापरलेले, तिन्ही छोटे.
"मोठा घ्या की ओ मॅडम, गळ्यात शोभंल."
मी म्हटलं, ॲप्रनच्या खिशात गेला पाहिजे.
सिव्हिलमध्ये एक्स-रे काढते मी,
त्या खिशात पेन, पट्टी, कधी शेंगाचटणीची पुडी,
त्यांच्या शेजारी गप बसला पाहिजे.
शिवाय मोठा कॅमेरा दिसला
की आमच्या गल्लीत लोक आधी केस विंचरतात.

पहिला माणसाचं हसू ओळखायचा.
समोरचा हसला की आपोआप टिपतो, म्हणत
हत्तुरे स्वतः हसले. टिपलंही त्यानं.
मी म्हटलं, आमच्या नायनांचा फोटो मग
या जन्मी निघायचा नाही.

दुसऱ्याचा झूम लांब.
घाटावरनं म्हणे तळ्यातल्या बदकाची पिसं मोजावीत.
पण आत सगळं त्याच्याच मनानं,
अंधार दिसला की न विचारता फ्लॅश.
शेडात असा फ्लॅश म्हणजे
चपला घालून देवघरात शिरणं.

तिसरा काळा, कडांचा रंग उडालेला.
भिंगाभोवती कडं,
फिरवलं की टक्, टक्, बोटाला कळतं.
वर चाकी, चाकीवर एम.
"ह्याला सगळं आपणच सांगावं लागतं," हत्तुरे म्हणाले,
स्थळातली खोट सांगावी तसं, आवाज उतरवून.

एकोणीस वर्षं झाली,
परक्या हाडांना किती उजेड द्यायचा ते मीच ठरवते.
जाड माणसाला जास्त, लेकराला कमी.
श्वास धरा. सोडा.
नायनांची छाती तीनदा काढलीय मी,
त्यांच्या बरगड्या मला पाठ आहेत,
डावीकडच्या धुक्यासकट.
मागासमोर उभा असलेला त्यांचा चेहरा मात्र
घरातल्या एकाही फोटोत नाही.

साडेअकरा हजार म्हणाले. नऊ हजार चारशेला आले,
वर एक जुनं कार्ड.
बॅटरी फुगलीय का, नख लावून पाहिलं.

साखर पेठेत शेडात दोनच माग उरलेत.
तिसरा गेल्या महिन्यात किलोवर गेला,
हे दोन सोमवारी.
"एंदुकम्मा?" नायना म्हणाले, मान न वळवता.
कशासाठी ते मलाही नीट सांगता आलं नाही.

आधी सेकंदाचा पाचशेवा भाग लावला.
रव्यासारखे दाणे आले फोटोभर,
आणि धोटा थांबला.
टोकासकट लख्ख, मधल्यामध्ये,
बाजारातल्या माशासारखा.
खटखट सगळी निघून गेली फोटोतून,
सोमवार आजच आल्यासारखा.

मग कडं उलटं फिरवत गेले.
साठ. तीस. पंधरा. आठ.
चारवर कोपर कांड्यांच्या पेटीवर टेकवलं,
श्वास धरा, म्हटलं स्वतःला,
आणि हे वाक्य ऐकायला कसं वाटतं
ते पहिल्यांदा कळलं.

सूत धूर झालं. धोटा नाहीच कुठं.
डावा हात कांडी बदलताना हलला, पुसट आलाय.
बाकी नायना जसेच्या तसे,
भुवईवरच्या कापसासकट.
बेचाळीस वर्षं एका जागी उभा राहिलेला माणूस
पाव सेकंद काय हलणार.

दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून
बराच वेळ बघत राहिले.
"धोटा कुठाय?"
"चालू आहे," मी म्हटलं.

त्यांनी लुंगीच्या टोकानं स्क्रीन पुसली,
कॅमेरा माझ्या खिशात घातला,
मावतो का ते वरून थोपटून पाहिलं,
आणि तुटलेला धागा जोडायला वाकले.