खटके

ग्रीनॉकमधलं जहाजांच्या विम्याचं ऑफिस बंद झालं
तेव्हा स्ट्रूअनने फोनबिन केला नाही,
सरळ दारात आणून टाकले
चार कीबोर्ड, सुतळीने बांधलेले, सरपणाच्या मोळीसारखे.
‘पैसे नकोत,’ म्हणाला. ‘धूळ मात्र तुझी.’

त्यातला एक आता ओट्यावर उताणा.
हिरवी पाठ वर.
डाखणी टेकवली की कथील क्षणभर पाण्यासारखं चमकतं,
तेवढ्यात पंप ओढायचा. ठॅक.
प्रत्येक खटक्याला दोन पाय.
दोन्ही मोकळे झाल्याशिवाय उपसायचा नाही,
नाहीतर खालचं तांबं सालीसारखं सोलून येतं.
(पहिल्या बोर्डाचं काय झालं ते विचारू नका.)

एकशे एक खटके.
अंड्यांच्या ट्रेमध्ये, ज्याची त्याची जागा पेन्सिलीने लिहून,
कारण झीज सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही.
स्क्रोल लॉक कोरा करकरीत,
तीस वर्षांत बोट लागलेलं नाही.
ई दमलेला.
आणि खोडायच्या बटणाखालचा
आतून पार घासलेला, आवाज बसलेला.

तो स्ट्रूअनला दाखवला.
त्या टेबलाशी त्याची बहीण बसायची, इशबेल.
‘ती तर कधी चुकायची नाही,’ तो म्हणाला.
किटलीचं पाणी उकळून बंद झालं.
‘बुडालेल्यांच्या घरी पत्रं तीच लिहायची.’

स्प्रिंगा चहाच्या गाळणीत धुतल्या.
ब्रशच्या टोकाने तेल, एकेक टिपका;
जास्त झालं तर खटका मुका होतो,
कमी पडलं तर म्हाताऱ्यासारखा कुरकुरतो.

नवा कीबोर्ड मराठीचा, लहान, एकसष्ट बटणांचा.
एनवर ल, शिफ्ट धरला की ळ.
डीवर अक्षराचा पाय मोडतो.
आणि इंग्रजीचा ई जिथे, तिथेच आपला काना.
म्हणजे सगळ्यात जास्त मार खाणारी जागा
दोन्ही भाषांत एकच निघाली.
तिथे स्क्रोल लॉकचा खटका बसवला.
ये बाबा, पुष्कळ आराम झाला.

इशबेलचा फेकवेना.
नवा घालावा असं स्ट्रूअनही म्हणाला,
पण मी तो होता तिथेच डाखला, खोडायच्या जागी.

थोरल्या भावाशी, नानाशी, माझा खटका उडाला
त्याला येत्या मार्चात नऊ वर्षं.
शेवग्याच्या झाडावरून सुरू झालं, आईच्या औषधांवर संपलं.
दोन पाय. एक मोकळा झालाय.

रात्री क्लाइडवरून वारा आत येतो, खिडकी थडथडते.
मी लिहिते. बटणं वाजतात, टेबल वाजतं,
वरच्या मजल्यावरची बाई एकदा टाच आपटते.
खोडताना मात्र काहीच ऐकू येत नाही.

सध्या पडद्यावर ‘प्रिय’ एवढंच आहे.
त्यात काना नाही.
कोरा खटका अजून कोराच.