भिंतीची जाडी

फहाहीलच्या इस्पितळात मला उताणं निजवलं,
हात डोक्याच्या वर, शरण आल्यासारखे.
मारिसेल म्हणाली, आता हलू नका.
हसू आलं. एकवीस वर्षं
मी पाइपांच्या बाबतीत हेच बघत आलोय.

न कापता आत बघायचं, हे माझंच पोटपाणी.
रिफायनरीच्या नळ्यांना जेल चोपडायची, प्रोब टेकवायचा,
आणि सांगायचं, गंजानं किती खाल्लं,
भिंत किती मिलिमीटर उरली.

आमच्याकडे मोठ्या कामाला शटडाउन घेतात.
ही लाइन बंद ठेवायची सोय नाही;
म्हणून गोळी देऊन नुसती धीमी केली, साठाच्या खाली.
जिभेखाली फवारा.
मग दंडातून औषध शिरलं
आणि घशापासून जांघेपर्यंत ऊन उतरत गेलं.
वाटलं, चड्डी ओली झाली. नव्हती झाली.
यंत्र आधी अरबीत बोललं, मग इंग्रजीत:
श्वास घ्या. रोखा.

रोखला, आणि नेमका तेव्हा आठवला
बी-सत्तावीसचा एल्बो.
त्या ऑगस्टात बाहेर एकावन्न डिग्री,
तापलेलं इन्सुलेशन कोण उकलणार?
मी केबिनमध्ये बसून आकडा लिहिला:
नऊ पॉइंट चार. समाधानकारक.
काही झालं नाही.
अजून.

सोडा, म्हणालं यंत्र.

डॉक्टर हुसामनी पडद्यावर माझं काळीज
आंब्यासारखं फिरवून दाखवलं.
हे पांढरे ठिपके, कॅल्शियम.
म्हणजे चुना.
लोकांनी लावलेला मोजत बसलो जन्मभर,
हा मात्र घरचा.
स्कोअर दोनशे चौदा, डाव्या नळीत चाळीस टक्के.
कापाकापी नको. गोळ्या घ्या, चाला, सिगारेट सोडा.

मी विचारलं, वळणावर नीट बघितलंत ना?
पाइप वाकावरच जास्त झिजतो.
ते थांबले. चष्मा वर केला,
आणि चित्र पुन्हा पहिल्यापासून फिरवलं.

पार्किंगमध्ये स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता.
गुहागरहून सुलक्षणा: काय निघालं?
चाळीस.
शंभरातले?
हो.
पस्तीसला पास ना? मग झालात की, म्हणाली,
आणि बराच वेळ काहीच बोलली नाही.

फोन ठेवून दुसरा लावला, फोरमन अन्वरला.
उद्या पहाटे शिडी लागेल, म्हटलं.
बी-सत्तावीस उकलायचाय.
तो म्हणाला, त्याचा रिपोर्ट तर ओके आहे, साहेब.
तुमचीच सही आहे.