औट

साडेअकराला तिसरी शिट्टी होते न होते तोच मी गॅस बंद करते.
तिकडे आठ. चिपाटाच्या शाळेत
बाकं सरकल्याचा आवाज,
आणि इकडे जेल रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
वाळत घातलेल्या चादरीकडे पाठ करून
मी म्हणते, गुड मॉर्निंग, टेन बी.

मधे साडेतीन तास.
अण्णांच्या भाषेत, औट.

अण्णा नोटांच्या प्रेसमध्ये होते, चौतीस वर्षं.
दिवसाला किती नोटा हाताखालून जातात, विचारलं
तर म्हणत, आपली एकही नाही,
आणि मला पाढ्यांना बसवत.
पावकी, निमकी, पाऊणकी,
भोंग्याच्या आधी, दाढी करता करता,
गालाला फेस तसाच ठेवून:
एक औट औट, बे औट सात,
कुणी वापरत नाही आता, तरी म्हण.

वापरते, अण्णा. रोज.

सहा वर्षं तिथे शिकवलं,
लाल मातीच्या मैदानाकडेच्या खोलीत.
मग इथे अण्णांचा उजवा हात गेला आणि मी आले.
हेडमास्तर म्वांझा म्हणाले, नवा शिक्षक मिळेपर्यंत
पडद्यावरून घ्या.
दोन वर्षं झाली. मिळायचाय.

धात्रकमधला ध त्यांना पेलत नाही,
मी मिस दाताराका.
मला पहिलं वर्षभर त्यांची गाय येत नव्हती.
ङोंबे.
आपल्या तक्त्यावर ज्या चौकोनात चित्रच नसतं,
त्या ङच्या चौकोनात
तिथे एक अख्खी गाय उभी आहे, रवंथ करत.

आणि त्यांच्याकडे सात नाही.
पाच आणि दोन म्हणतात.
थोकोझानी सातापाशी चुकला की मी विचारते,
काय सांडलं, पाच की दोन?
वर्ग हसतो. नेट अडकतं.
हसू दोन हप्त्यांत पोचतं.

आज पॅराबोला होता.
रेघ अर्ध्यावर चढवली
तोच देवळालीकडून धप्प.
पुन्हा धप्प.
खिडकीची काच आणि काचेवरची पाल, दोघीही दचकल्या.

मिस, पाऊस?
नाही रे, तोफा. लष्कराचा सराव.
कुणावर?
टेकडीवर.

तिओने बोलत नाही सहसा. आज बोलली:
म्हणजे तुमचा आलेख तुमच्या घरावरून जातो?
घरावरून नाही. पण ऐकू येतो.
मग टेकडीवर कोण असतं, तो खाली येताना?

मी म्हटलं, आधी वाय शून्य कुठे कुठे होतो ते काढा.

(हे मी नेहमीच करते.
उत्तर नसलं की उदाहरण देते.)

दोन उत्तरं आली, यायलाच हवीत.
एक जिथून उडाला तिथलं, एक जिथे पडला तिथलं.
वहीत दोन्ही शून्यं सारखीच गोल,
कुठलं कुणाचं, कळू नये इतकी.
तिओनेनं वही कॅमेऱ्याशी धरली.
पायऱ्या बरोबर. एककं लिहिलेली. समास आखलेला.
आणि दुसऱ्या शून्याच्या शेजारी
पेन्सिलीनं काढलेली, शिंगं जरा मोठी झालेली,
गाय.

लाल पेन माझ्या हातात होतं,
जे त्यांच्या वहीपर्यंत दोन वर्षांत एकदाही पोचलेलं नाही.

तेवढ्यात तिकडची वीज गेली.
रोज कुठल्यातरी पायरीवर जातेच.
पडद्यावर थोकोझानीचा हात वर राहिला,
काय विचारायचं होतं ते उद्या.

कुकरचं झाकण निघालं. डाळ जरा कच्चीच.
आतून अण्णांनी विचारलं, किती होती पोरं आज?
एकतीस, म्हटलं. आणि एक गाय.
ते काही बोलले नाहीत.
डाव्या हाताचा अंगठा तेवढा
चादरीच्या कडेवर हलायला लागला,
कोरी गड्डी पहिल्यापासून पुन्हा मोजावी तसा.